वेळेचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. महिनाअखेरीस वाण्याच्या दुकानावरून मान खाली घालून जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, तो तिच्या खरेपणाबद्दल शंका घेणार नाही. परंतु ही म्हण ज्याने केली त्याने संगणक पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्याने तिला आणखी एक शेपूट जोडले असते. पैशाचे सोंग एक वेळ आणता येईल. वेळेचे मात्र आणता येत नाही!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आश्चर्य वाटेल. मराठीचा मास्तर आज शब्द आणि वाक्प्रचार सोडून संगणकाकडे कुठे वळला? पण वाचकहो, मी माझे शेत सोडलेले नाही. जी गोष्ट सांगणार आहे ती आवाजाची आहे, आणि आवाज हे भाषेचे पहिले घर. लिपी ही नंतर बांधलेली माडी.

आधी सोंग या शब्दाकडे पाहू. नक्कल वेगळी आणि सोंग वेगळे. कुणी एखाद्या पुढाऱ्याची नक्कल करतो तेव्हा त्याचे दोनचार हातवारे आणि बोलण्याची ढब उचलतो. आपण हसतो आणि घरी जातो. नक्कल एकतर्फी असते. बहुरूप्याचे तसे नाही. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राहिला, आणि घरच्या आजीने त्याला “काय रे बाबा, कुठल्या चौकीवर असतोस?” असे विचारले, तर त्याला फौजदाराला शोभेल असेच उत्तर द्यावे लागते. कोण काय विचारील हे त्याला आधी ठाऊक नसते. ज्याला प्रश्न विचारता येतात आणि ज्याच्याकडून बरोबर उत्तर येते, ते सोंग. ध्वनिमुद्रिका ही गाण्याची नक्कल आहे. पण एखादे यंत्र दुसऱ्या यंत्राच्या वतीने उत्तरे देऊ लागले, तर ते सोंग झाले. संगणकवाले त्याला इम्युलेशन म्हणतात.

आता या सोंगाशी माझा संबंध कसा आला ते सांगतो. २००३ साली मी एम. ए.च्या वर्गात होतो. त्या वेळी आमच्या मराठी विभागाने रायगडच्या किनारपट्टीवरील बोलींचे आवाज जमवले. उरणच्या मिठागरांपासून श्रीवर्धनच्या बंदरापर्यंत आम्ही मुलेमुली टेपरेकॉर्डर घेऊन हिंडलो. आगरी बोलणारी माणसे, कोळीवाड्यातली माणसे, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत घरोघर चालणारी ती पोर्तुगीज वळणाची बोली. १७४० साली चौल-कोर्लईतून पोर्तुगीज सत्ता गेली, पण ती बोली मागे राहिली, हे पुष्कळांना अजून माहीत नसते. जमलेल्या आवाजांतून सुमारे तीन तासांचे निवडक भाग काढून त्यांची एक सीडी करण्यात आली. पडद्यावर गावाचे नाव निवडायचे, की बोलणाराचा आवाज यायचा आणि शेजारी मजकूर दिसायचा. त्या काळी आम्हाला ती जादूच वाटली.

मूळ कॅसेटी समुद्राच्या दमट हवेत बुरशीने गेल्या. राहिली ती सीडी. आणि बोलणारी माणसे? त्यांतली बहुतेक आता नाहीत. गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, आमच्या आजीचा आवाज तुमच्याकडे आहे असं घरचे सांगतात. मला एकदा ऐकायचाय.” आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. घरात फोटो आहे, आवाज नाही.

सीडी कपाटात होती, खरचटलेली नव्हती. पण उघडेना. तिच्यावरचा कार्यक्रम १६ बिटी पद्धतीचा, विंडोज ९८ साठी केलेला. आजच्या ६४ बिटी विंडोजवर तसले कार्यक्रम चालतच नाहीत. आवाजाच्या वेगळ्या फाइली असत्या तर प्रश्न नव्हता. पण करणाऱ्याने सगळे आवाज एका गाठोड्यात बांधले होते आणि गाठ सोडण्याची युक्ती त्या कार्यक्रमालाच ठाऊक होती. तात्पर्य, आजीचा आवाज हवा असेल तर तो कार्यक्रम चालला पाहिजे. कार्यक्रम चालायचा तर २००३ चा संगणक पाहिजे. आणि तो संगणक भंगारात जाऊन कैक वर्षे लोटली होती.

अशा वेळी आभासी यंत्र कामाला येते. आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. आजच्या यंत्रावर एक कार्यक्रम चालतो आणि तो आतल्या जुन्या प्रणालीला पटवून देतो की, बाई, तू तुझ्या जुन्याच घरात आहेस. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ही सोय बाजारात आणली. घरगुती संगणकावर ती आली १९९९ साली, व्हीएमवेअर या नावाने. २००३ साली फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थाने क्यूएमू नावाचा कार्यक्रम लिहून सर्वांसाठी खुला केला, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आला. आतल्या प्रणालीला जी हार्डडिस्क दिसते ती बाहेर एक साधी फाइल असते. जो पडदा दिसतो ती बाहेर एक चौकट असते. सगळा मायाबाजार!

ही युक्ती आपल्याला अगदीच परकी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट नावाचे कार्ड काढले होते. ते संगणकात बसवले की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या जुन्या कार्यक्रमांतून देवनागरीत काम करता येई. कार्यक्रमाला वाटे आपण नेहमीच्या पडद्यावर नेहमीची अक्षरे लिहीत आहोत. मधल्यामध्ये हे कार्ड त्यांचे मराठी करून दाखवी. कार्यक्रमाला पत्ताही नसे. सोंगाने मराठीची सेवा केली ती अशी.

आता आपल्या मूळ पात्राकडे येऊ. ते पात्र म्हणजे साउंड कार्ड. १९८१ साली आयबीएमचा पहिला घरगुती संगणक आला तेव्हा त्याच्याजवळ आवाज म्हणून एक चिमुकला कर्णा होता आणि तो फक्त टिवटिव करी. १९८७ साली कॅनडातून अ‍ॅडलिब नावाचे कार्ड आले आणि संगणकाला सूर फुटला. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्याच्यावर सूरही निघत आणि माणसाचा मुद्रित आवाजही निघे. १९९२ साली त्याची १६ बिटी आवृत्ती आली. तिचा एवढा बोलबाला झाला की इतर कंपन्या आपल्या कार्डाच्या खोक्यावर ‘साउंड ब्लास्टरसारखे चालणारे’ असे छापू लागल्या. म्हणजे खरीखुरी लोखंड-तांब्याची कार्डेसुद्धा दुसऱ्या कार्डाचे सोंग घेऊन विकली जात होती! विंडोज ९८ ला हे साउंड ब्लास्टर जन्मतः ओळखीचे, म्हणून तिच्यापुढे आभासी यंत्र बहुधा याच वेषात उभे राहते.

कार्ड दारात आहे की नाही हे जुना कार्यक्रम कसा ओळखतो, ते मोठे मौजेचे आहे. साउंड ब्लास्टरचा नेहमीचा पत्ता २२०. हा आकडा सोळाच्या पटीने मोजायच्या रीतीतला आहे. त्या पत्त्याच्या आसपास त्याच्या निरनिराळ्या खिडक्या असतात. कार्यक्रम २२६ क्रमांकाच्या खिडकीत १ हा आकडा टाकतो, सुमारे ३ मायक्रोसेकंद थांबतो आणि मग ० टाकतो. याचा अर्थ, “उठा, नव्याने सुरुवात करा.” त्यानंतर शेजारच्या खिडकीतून उत्तराची वाट पाहतो. उत्तर यायला हवे १७०. दुसरा कुठलाही आकडा आला तर कार्यक्रम म्हणतो, घरी कोणी नाही. १७० आला की विचारतो, “तुमची आवृत्ती कोणती?” त्यावर ४ ने सुरू होणारा क्रमांक आला, म्हणजे पाहुणे १६ बिटी घराण्यातले. एवढी सोयरीक जुळली की मग पुढचा व्यवहार.

आभासी यंत्रात २२६ ची खिडकी नसते, कार्ड नसते, तांब्याची तारही नसते. पण आतल्या प्रणालीने त्या पत्त्यावर काही लिहिले की बाहेरचा कार्यक्रम तिला क्षणभर थांबवतो, काय लिहिले ते पाहतो, आणि खऱ्या कार्डाने जे उत्तर दिले असते ते पुढे ठेवतो. क्यूएमूच्या पेटाऱ्यात असे अनेक वेष आहेत. साउंड ब्लास्टर १६ आहे, इंटेलच्या १९९७ च्या एसी९७ पद्धतीचा आहे, त्यानंतर २००४ मध्ये आलेल्या एचडी ऑडिओचा आहे. आणखी एक आहे एन्सोनिक कंपनीच्या कार्डाचा. ही कंपनी १९९८ साली क्रिएटिव्हने आपल्यात घेतली. ते कार्ड आज दुकानात मिळायचे नाही. पण त्याचा वेष अजून अनेक आभासी यंत्रांत रोज अंगावर चढतो. मूळ नट गेला, भूमिका चालू आहे.

इथवर सगळे जमते. प्रश्नांची उत्तरे पाठ करता येतात. घोटाळा होतो तो पुढे, प्रत्यक्ष आवाज वाहू लागल्यावर. तो समजून घ्यायचा तर आमच्या अष्टागरातल्या वाडीत चला. अलिबाग, नागाव, रेवदंडा या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्यांना विहिरीच्या रहाटाने पाणी देत. आता पंप आले आणि बहुतेक रहाट थांबले, पण ज्यांनी पाहिला आहे त्यांना चित्र आठवेल. गोल फिरणारी माळ, माळेला गाडगी. खाली गाडगे भरते, वर येऊन पन्हळीत रिकामे होते आणि पुन्हा खाली जाते. पन्हळीतून पाटाला अखंड धार. बैल चालतो आहे तोवर झाडाला वाटते की पाणी आपोआपच येते.

साउंड कार्डाचे अगदी असेच आहे. आवाज संगणकात आकड्यांच्या रूपाने असतो. गाण्याच्या सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजतात. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक हवी, म्हणून हा आकडा. आमच्या सीडीवर बोलणेच होते, म्हणून त्याच्या निम्मी, २२,०५० मापे घेतली होती. ही मापे स्मृतीतल्या एका गोल कप्प्यात भरत जायची. कार्ड ती ठराविक गतीने उचलून कर्ण्याकडे देत जाते. अर्धा कप्पा रिकामा झाला की कार्ड प्रोसेसरला हाक मारते, “अर्धी गाडगी रिती झाली, भरा!” कार्ड उरलेला अर्धा भाग वाजवते आहे तोवर कार्यक्रम रिता भाग भरून ठेवतो. हाक वेळेवर गेली आणि भरणी वेळेवर झाली तर धार अखंड. एक गाडगे रिकामे वर आले, की धार तुटते आणि कर्ण्यातून ‘कट्’ असा आवाज येतो.

खऱ्या कार्डावर एक स्फटिक असतो. त्याच्या कंपनांवर कार्डाची चाल ठरते. बाहेर गडबड असो, प्रोसेसर दमलेला असो, स्फटिक आपल्या तालातच चालतो. सोंग घेतलेल्या कार्डाला स्फटिक कुठला? त्याला बाहेरच्या यंत्राच्या घड्याळावर भिस्त ठेवावी लागते. शिवाय आतली प्रणाली सारखी जागी नसते. बाहेरच्या संगणकाला इतरही कामे असतात. तो आतलीला थोडा वेळ चालवतो, थोडा वेळ निजवतो. तिला आपण निजलो होतो हे कळतही नाही. जागी झाल्यावर तिच्या घड्याळाचे चुकलेले टोले तिला घाईघाईने देऊन टाकतात. शाळेचा शिपाई डुलकीतून उठून दोन तासांच्या घंटा एकदम बडवतो, तसे! पडद्याला हे चालते. एखादे चित्र उशिरा आले तर डोळा कुरकुर करीत नाही. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. त्यातले एक गळले तर किती प्रेक्षकांना कळेल? डिस्कलाही चालते, फाइल दोन सेकंद उशिरा उघडली म्हणून फाइलीचा अर्थ बदलत नाही. कान मात्र तडजोड करीत नाही. काही सहस्रांश सेकंदाची फट पडली तरी तो लगेच सांगतो की इथे काही मोडले.

आमच्या बाबतीत तसेच झाले. आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने एका रविवारी येऊन आधी सीडीची जशीच्या तशी फाइल करून ठेवली, मग आभासी यंत्र उभे केले, विंडोज ९८ चढवली, कार्डाचा पत्ता २२०, हाकेची वाट ५, मालाची वाट १ असे सर्व जुळवले. कार्यक्रम उघडला. गावांची नावे दिसली. गाव निवडले, आणि कर्ण्यातून फटाक्यांची माळ सुरू झाली. मध्ये मध्ये बाईचा आवाज. विद्यार्थी म्हणाला, “सर, सोंग जमलंय, पण ताल चुकतोय.”

त्या माळेतूनही शब्द कळत होते, हे सांगितले पाहिजे. आजी खाडीकाठच्या बांधाची हकिगत सांगत होत्या. भरतीच्या रात्री बांधाला खांड गेली, उघाडीची फळी तुटली, खारे पाणी शेतात शिरले. एखादा म्हणेल, शब्द कळले ना? मग उतरवून घ्या आणि पुढे चला. पण त्या हकिगतीत एका ठिकाणी आजी थांबल्या होत्या. मला ते आठवत होते. टेपरेकॉर्डर माझ्याच हातात होता. शेतात पाणी शिरल्याचे सांगून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग दुसरेच काही बोलू लागल्या. त्या गप्प बसण्यात त्या वर्षीचे सगळे पीक होते. आता या तुटक आवाजात जागोजाग मौनाचे तुकडे पडलेले. त्यांतले आजीचे कोणते आणि यंत्राचे कोणते, हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? नातीला तर मुळीच कळले नसते. तिला वाटले असते, आजी अडखळत बोलायची.

इथे माझा मराठीचा मास्तर जागा झाला. वेळ ही बोलण्याच्या बाहेरची गोष्ट नाही, ती बोलण्यातच असते. आपल्या प्राचीन वैयाकरणांना हे पक्के ठाऊक होते. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरांचे भेद सांगितले ते काळाच्या मापाने. एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. मात्रा म्हणजे दुसरे काय, वेळेचे माप! वृत्ताचे लघुगुरू त्याच मापावर उभे आहेत. ‘हो’ हा एकच शब्द घ्या. चटकन म्हटला तर होकार, लांबवून म्हटला तर संशय, आणि आधी जरा थांबून म्हटला तर बहुधा नकारच. अक्षरे तीच, वेळ बदलली की अर्थ बदलला. म्हणून आवाज जतन करायचा तर त्याचे आकडे सांभाळून भागत नाही, त्यांच्यामधली अंतरे सांभाळावी लागतात.

मग यावर उपाय काय? उपाय आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. गोल कप्पा मोठा करायचा. म्हणजे रहाटाला जास्त गाडगी लावायची, की बैल क्षणभर थबकला तरी धार तुटू नये. सेकंदाला ४४,१०० मापांच्या चालीवर ५१२ मापांचा कप्पा सुमारे १२ सहस्रांश सेकंद पुरतो. ४,०९६ मापांचा ९३ सहस्रांश. मोठा कप्पा सुरक्षित, पण आवाज तेवढा उशिरा येतो. खेळात बंदूक उडाल्यावर बार उशिरा ऐकू आला तर खेळणारा वैतागतो. आम्हाला आजीचा आवाज दशांश सेकंद उशिरा आला तरी काही बिघडणार नव्हते. इतकी वर्षे थांबलोच होतो. दुसरी अडचण चालींची. आतले कार्ड २२,०५० च्या चालीचे, बाहेरचे ४८,००० च्या. मग आतल्या दर १४७ मापांची बाहेर ३२० मापे करून द्यावी लागतात, आणि मधली मापे हिशेबाने भरावी लागतात. शिवाय आतबाहेरची दोन घड्याळे कधी तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक धरला, तर तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. म्हणजे तासभराचे भाषण लावले की गाडगी एक तर ओसंडतात नाही तर रिती पडतात. चांगले सोंग तेच, जे ही तफावत सतत पाहते आणि कानाला कळणार नाही इतक्या अल्प प्रमाणात चाल सावरत राहते. मी याला सोंगाचा प्रामाणिकपणा म्हणतो.

पण सोंग बरोबर वठले आहे हे ठरवायचे कुणी? मूळ नट हयात असेल तरच त्याला शेजारी उभे करून पडताळता येते. या बाबतीत आमच्या अलिबागेने एक धडा घालून दिला आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची ढळणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला आणले आणि लोखंडाचा वापर टाळून, पोरबंदरी दगडाची इमारत बांधली. पण अलिबागला मोजणी सुरू झाली म्हणून कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोन्हींतला फरक हाती आला, आणि जुन्या नोंदींची माळ नव्या नोंदींना जोडता आली. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली तेव्हा काळजी उरली नव्हती. जुने बंद पडायच्या आधी नवे त्याच्या शेजारी बसवले, यातच सगळे शहाणपण आले. ट्राम आल्यावर जाग आली असती, तर कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी एकीकडे आणि अलिबागच्या दुसरीकडे, असे झाले असते.

सोंगे रचणारे कसबी लोकही हेच करतात. जुने कार्ड जपून ठेवतात, खऱ्याला आणि सोंगाला एकच मजकूर देतात, आणि दोघांकडून काय येते ते ताडून पाहतात. कागदावरच्या माहितीपत्रकात न लिहिलेल्या किती तरी सवयी त्या कार्डात असतात, आणि जुने कार्यक्रम नेमके त्या सवयींवर विसंबलेले असतात. शेवटचे कार्ड मोडले की त्या सवयी विचारायला कुणी उरत नाही. बोलींचेही असेच नाही का? शब्दकोश राहतो, ‘हो’ म्हणण्याआधी किती थांबायचे, हे कोशात नसते.

आमचे काम अखेर झाले. कप्पा वाढवला, चाली जुळवल्या. शेवटी त्या मुलाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. काही आभासी यंत्रांत आवाज कर्ण्याकडे न पाठवता सरळ साध्या वेव्ह फाइलीत उतरवण्याची सोय असते. तिचा उपयोग करून त्याने तिन्ही तासांचे आवाज एकेक करून बाहेर काढले. या वाटेत कर्णा नाही, मायक्रोफोन नाही, खोलीतला पंखा नाही. मापे जशीच्या तशी येतात. मग मी प्रत्येक तुकडा कानाने तपासला. आजी जिथे थांबल्या होत्या तिथे थांबल्या, आणि इतरत्र कुठेही थांबल्या नाहीत. नातीला फाइल दिली. तिने ती माझ्यासमोर ऐकली नाही, घरी नेली. बरोबरच केले.

वाचकहो, आता तुमच्याकडे वळतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी पेटी खाली आली असेल. तिच्यात आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट असेल, मावशीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांची टेप असेल, कुठल्या तरी शाळेने काढलेली सीडी असेल. ती पुन्हा माळ्यावर टाकू नका. जोवर ती वाजवणारे यंत्र कुणाच्या तरी घरी धडपणे चालते आहे, तोवर आवाज साध्या फाइलीत उतरवून घ्या. दोन ठिकाणी ठेवा. कोण बोलते आहे, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, हे शेजारी मराठीत लिहून ठेवा. आवाज राहिला आणि नाव गेले तर तो परका होतो. आणि एकदा, जुन्या यंत्रावरचा आणि नव्या फाइलीतला आवाज लागोपाठ लावून, मूळ माणसाला ओळखणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवा. त्यांनी “हो, अशीच बोलायची ती” असे म्हटले, की पडताळा झाला.

फक्त तो ‘हो’ ते कसा म्हणतात, किती वेळ थांबून म्हणतात, इकडे लक्ष असू द्या.